बँकेनं दावा लावलाय: समन्स हातात पडल्यावर

कोर्टाचा बेलीफ दारात आला की अनेक घरांत पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "सांग, ते गावाला गेलेत." कागद घेतला नाही म्हणजे दावा लागला नाही, अशी एक भाबडी समजूत यामागे असते. बेलीफ दोनदा परत जाईलही. पण नंतर तो समन्स दाराला चिकटवतो, पंचांची नावं लिहून घेतो आणि कोर्टाला तसा अहवाल देतो. पोस्टानं आलेलं पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत गेलं, तर कोर्ट समन्स बजावलं गेलं असंच धरू शकतं. घरातल्या कुणा सज्ञान माणसानं सही करून घेतलं, तरी ते तुम्हालाच मिळालं असं धरतात. म्हणजे नकार देऊन एकच गोष्ट साधते: दाव्यात काय लिहिलंय हे तुम्हाला कळत नाही.

दुसरी समजूत जास्त महागात पडते. "कर्ज तर घेतलंच होतं, मग कोर्टात जाऊन बोलायचं काय?" असं म्हणून माणूस तारखेला जातच नाही. 'मी कर्ज घेतलं' आणि 'बँक मागते तेवढं मी देणं लागतो' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं खरं असलं म्हणून दुसरं आपोआप खरं ठरत नाही. बँकेच्या दाव्याला उत्तर देणं म्हणजे बहुतेक वेळा या दोन वाक्यांमधलं अंतर कोर्टाला दाखवणं.

ते अंतर केवढं असू शकतं, ते एका काल्पनिक उदाहरणातून बघू. साताऱ्यात गॅरेज चालवणाऱ्या एकानं मे २०२१ मध्ये बहिणीच्या लग्नासाठी ५ लाखांचं वैयक्तिक कर्ज घेतलं. व्याज १४ टक्के, मुदत ५ वर्षं, हप्ता महिना ११,६३४ रुपये. जून २०२१ ते नोव्हेंबर २०२२ असे १८ हप्ते त्यानं भरले आणि मग थांबला. त्या दिवशी मुद्दल उरलं साधारण ३ लाख ८५ हजार. ऑक्टोबर २०२५ मध्ये बँकेनं दावा लावला ७ लाख १२ हजारांचा. आता गणित करा. ३ लाख ८५ हजारांवर पुढचे ३५ महिने १४ टक्क्यांनी, तेही दरमहा चक्रवाढीनं व्याज धरलं, तरी आकडा ५ लाख ७७ हजारांच्या आसपास येतो. उरलेले १ लाख ३५ हजार कुठून आले? दंडव्याज, हप्ता न वटल्याचे आकार, विम्याचा हप्ता, वसुलीचा खर्च, वकिलाची फी. यातलं काय करारात आहे, काय नियमात बसतं आणि काय नुसतंच चिकटवलंय, हे कुणीतरी विचारावं लागतं. प्रतिवादी गैरहजर असेल तर ते विचारणारं कुणी नसतं, आणि ७ लाख १२ हजारांचा एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे तुमची बाजू न ऐकताच दिलेला कोर्टाचा निकाल, होऊन बसतो.

पण त्याआधी हातातला कागद नेमका कसला आहे ते ओळखा, कारण प्रत्येकाची मुदत वेगळी. वकिलाची नोटीस म्हणजे दावा नव्हे. ती दाव्याच्या आधीची पायरी. उत्तर दिलेलं बरं, पण कोर्टाचं घड्याळ अजून सुरू झालेलं नसतं. राष्ट्रीय लोकअदालतीची दावापूर्व नोटीस म्हणजे तडजोडीचं बोलावणं; गेलात नाही म्हणून तुमच्याविरुद्ध हुकूमनामा होत नाही. घर तारण असेल आणि सरफेसी कायद्याच्या, म्हणजे बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याच्या, कलम १३(२) ची नोटीस आली असेल, तर ६० दिवस मिळतात. त्या काळात लेखी हरकत घेतली तर बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पुढे बँकेनं ताब्याची कारवाई केली तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. चेक न वटल्याची, म्हणजे कलम १३८ ची नोटीस असेल तर तो फौजदारी मामला. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरली नाही तर तक्रार दाखल होऊ शकते. या लेखातला मुख्य विषय तो नाही, पण दिवाणी समन्स समजून १३८ चं समन्स बाजूला टाकू नका.

२० लाख किंवा त्याहून जास्त थकबाकी असेल तर बँक दिवाणी कोर्टात न जाता कर्जवसुली न्यायाधिकरणात जाते. ही मर्यादा आधी १० लाख होती, २०१८ मध्ये वाढवली. महाराष्ट्रात ही न्यायाधिकरणं मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. तिथे लेखी म्हणणं ३० दिवसांत द्यायचं असतं आणि त्यापुढे जास्तीत जास्त १५ दिवस वाढवून मिळतात.

नागरी सहकारी बँक किंवा पतसंस्थेचं कर्ज असेल तर वाट आणखी वेगळी असू शकते, आणि आपल्याकडे असंख्य लोक याच वाटेवर अडकतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली ती बँक किंवा पतसंस्था सहकार खात्याच्या निबंधकाकडे अर्ज करते आणि वसुली दाखला मिळवते. ना कोर्ट, ना न्यायाधीश, ना साक्षीपुराव्याचं लांबलचक काम. निबंधक कार्यालयाची साधी दिसणारी नोटीस येते, माणूस ती कपाटावर ठेवतो, आणि एक दिवस वसुली अधिकारी जप्तीला येतो. दाखला एकदा निघाला की जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर आधी वसुलीच्या रकमेच्या ५० टक्के भरावे लागतात. म्हणून १०१ च्या नोटिशीला दिवाणी समन्सपेक्षा कमी समजू नका. खात्याचा उतारा मागणं, आकडा अमान्य करणं, पावत्या दाखवणं, जे काही करायचं ते दाखला निघण्याआधीच्या सुनावणीत करा.

आता दिवाणी दावा. समन्स अस्सल आहे का, हे आधी तपासा. हल्ली व्हॉट्सॲपवर 'कोर्टाचा आदेश' पाठवून पैसे उकळणारे कमी नाहीत. प्रत्येक दाव्याला सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक असतो. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर तो टाकला की दावा, पक्षकार आणि पुढची तारीख दिसते. कोर्ट फोन करून यूपीआयवर पैसे मागत नाही, हे वेगळं सांगायला नको, पण सांगतोच.

समन्सबरोबर दाव्याची प्रत यायला हवी. नसेल तर कोर्टात हजर होऊन मागा. प्रत आली की पहिली गोष्ट बघा: दावा साधा आहे की संक्षिप्त. संक्षिप्त दावा म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ खालचा. बोली भाषेत 'समरी सूट'. लेखी करारावरचं ठरावीक रकमेचं देणं असेल तर वादी हा मार्ग घेऊ शकतो, आणि बँकांना तो आवडतो. कारण यात प्रतिवादीला बचावाचा हक्क आयता मिळत नाही, तो मागावा लागतो. समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत हजर व्हायचं आणि नोटिसा कुठे पाठवायच्या तो पत्ता द्यायचा. मग बँक 'समन्स फॉर जजमेंट', म्हणजे थेट निकाल मागणारं दुसरं समन्स, बजावते. ते मिळाल्यापासून १० दिवसांत प्रतिज्ञापत्रासह बचावाच्या परवानगीचा अर्ज करायचा. बचावात दम दिसला तर परवानगी बिनशर्त मिळते; शंका वाटली तर कोर्ट काही रक्कम भरायला सांगतं. पहिले १० दिवस गेले तर मोठा धोका: दाव्यातला मजकूर मान्य आहे असं धरून थेट हुकूमनामा होऊ शकतो. उशिराचं कारण पटलं तर कोर्ट तो माफ करू शकतं, पण त्या भरवशावर राहू नये.

साध्या दाव्यात कैफियत, म्हणजे लेखी म्हणणं, ३० दिवसांत द्यायचं. कारण दाखवून ९० दिवसांपर्यंत मुदतवाढ मिळते. त्यानंतरही कोर्ट अपवाद करू शकतं, पण बहुधा खर्च बसवून. कर्ज धंद्यासाठी होतं आणि दावा व्यावसायिक न्यायालयात चालला असेल तर मात्र १२० वा दिवस ही भिंत आहे. त्यापुढे कैफियत घेतलीच जात नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये हे स्पष्ट केलंय. तिथे आणखी एक मुद्दा बघा: तातडीचा आदेश मागितला नसेल तर दाव्याआधी मध्यस्थीची प्रक्रिया करणं बँकेवर बंधनकारक आहे. ती झाली होती का?

वकिलाकडे जाताना मोकळ्या हातानं जाऊ नका. मंजुरीपत्र, कराराची प्रत, पासबुक, हप्त्यांच्या पावत्या, एजंटला रोख दिले असतील तर त्याची चिठ्ठी, आलेल्या नोटिसा आणि त्यांची पाकिटं. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का कधीकधी आतल्या पत्रापेक्षा उपयोगी पडतो. वकिलाची फी परवडत नसेल तर प्रत्येक जिल्हा आणि तालुका कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाची किंवा समितीची कचेरी असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. मदतीचा क्रमांक १५१००. मोफत म्हणजे दुय्यम, असं मानून लोक तिथे जात नाहीत. माझ्या मते काहीच न करण्यापेक्षा ते शंभरपट बरं.

कैफियत कशी असावी, यावर जरा थांबतो. जुन्या वळणाच्या कैफियतीत एक वाक्य हमखास असतं: 'दाव्यातील सर्व मजकूर खोटा असून प्रतिवादीस मान्य व कबूल नाही.' हे वाक्य रुबाबदार आहे आणि जवळजवळ निरुपयोगी. कायद्याला मोघम नकार चालत नाही. दाव्यातल्या ज्या विधानाला तुम्ही नेमकेपणानं नाकारत नाही, ते मान्य केलं असं धरलं जातं. म्हणून परिच्छेद धरून उत्तर द्यायचं. परिच्छेद ३ मधलं कर्ज घेतल्याचं म्हणणं खरं आहे. परिच्छेद ४ मधली सही माझी आहे, पण व्याजदराची जागा तेव्हा कोरी होती. परिच्छेद ६ मध्ये १४ हप्ते आल्याचं म्हटलंय, प्रत्यक्षात १८ भरले, पावत्या सोबत जोडल्या आहेत. परिच्छेद ८ मधला आकडा अमान्य, आणि तो का अमान्य.

जे खरं आहे ते मान्य करायला घाबरू नका. सही तुमची असताना 'सही माझी नाही' असं लिहून दिलंत, की हस्ताक्षरतज्ज्ञ येतो, उलटतपास होतो, आणि ती एक लबाडी उघडी पडली की तुमच्या खऱ्या पावत्यांकडेही न्यायाधीश संशयानं बघू लागतात. शिवाय कैफियत प्रतिज्ञेवर दिलेली असते. खोट्या प्रतिज्ञेचं प्रकरण वेगळंच.

आकड्याचा बचाव उभा राहतो तो कर्जखात्याच्या उताऱ्यावर. बँकेला तो प्रमाणित करून द्यावा लागतो. १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्टप्रमाणे उतारा कुठल्या वहीतला, संगणकातला असेल तर कसा काढला, याची प्रमाणपत्रं लागतात. आणि नुसत्या खात्यातल्या नोंदीवर कुणाच्या डोक्यावर देणं बसवता येत नाही, जोडीला दुसरा पुरावा लागतो, हे साक्षीपुराव्याच्या कायद्यातलं जुनं तत्त्व आहे. उतारा ओळीओळीनं वाचा. दंड लावून त्या दंडावर पुन्हा व्याज लावलंय का? रिझर्व्ह बँकेनं १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानं दंडव्याजाची पद्धत बंद केली. आता फक्त दंडाकार लावता येतो आणि तो मुद्दलात मिळवून त्यावर व्याज घेता येत नाही. नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून आणि जुन्यांना उशिरात उशिरा ३० जून २०२४ पासून लागू झालं. क्रेडिट कार्डांना मात्र ते लागू नाही. गाडी ओढून नेली असेल तर ती केवढ्याला विकली, आणि ती रक्कम खात्यात जमा दिसते का? न मागितलेल्या विम्याचा हप्ता कर्जातून कापला का? एक गोष्ट मात्र मनातून काढा: 'व्याजदरच फार आहे' एवढाच बचाव बँकेविरुद्ध टिकत नाही. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम २१-अ नं ते दार बंद केलंय.

मग मुदतीचा मुद्दा. साध्या, बिनतारण कर्जाच्या दाव्याला ३ वर्षांची मुदत असते; स्थावर गहाण असेल तर त्या गहाणावरून वसुलीला १२ वर्षं. ही ३ वर्षं नेमकी कुठून मोजायची, चुकलेल्या हप्त्यापासून की पूर्ण कर्ज परत मागितल्याच्या नोटिशीपासून, हे करारातल्या अटींवर ठरतं, आणि इथे वकिलाचीच नजर लागते. कोविडच्या काळातले १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हे दिवस सर्वोच्च न्यायालयानं मुदतीतून वगळलेत, तेही हिशेबात धरा. आणि एक सापळा ओळखा. ३ वर्षं भरत आली की वसुलीवाला गोड बोलू लागतो: "साहेब, पाचशे रुपये तरी भरा," किंवा "बाकी बरोबर आहे एवढ्या कागदावर सही द्या." मुदत संपायच्या आत तुम्ही लेखी, सहीनिशी देणं कबूल केलंत की त्या तारखेपासून ३ वर्षं नव्यानं सुरू होतात. तुमच्या सहीच्या कागदानिशी थोडी रक्कम भरलीत तरी तेच. मुदत संपल्यावरसुद्धा 'देईन' असं लेखी वचन दिलंत तर तो नवा करार होऊ शकतो.

जामीनदारांसाठी दोनच ओळी, पण कडू. कायद्यानं जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. 'आधी त्याच्याकडून वसूल करा' असं बँकेला सांगता येत नाही. तुमच्या संमतीवाचून बँकेनं आणि कर्जदारानं कराराच्या अटी बदलल्या असतील, तर त्यानंतरच्या व्यवहारातून सुटका मिळू शकते, पण बँकेच्या छापील हमीपत्रात हा हक्क सोडून दिल्याचं कलम बहुधा आधीच घातलेलं असतं.

कैफियत गेली की तडजोडीला खरा जोर येतो. आधी गेलात तर तुम्ही विनवणी करणारे. कैफियत दाखल झाल्यावर बँकेलाही साक्षीदार उभा करायचाय, उलटतपासाला तोंड द्यायचंय, आणि वर्षं जाणार आहेत. लोकअदालतीत मिटलं तर बँकेला भरलेली कोर्ट फी परत मिळते, हेही तिच्या गणितात असतं. प्रस्ताव लेखी द्या आणि त्यात 'आमचे हक्क व बचाव अबाधित ठेवून' हे शब्द घाला. एकरकमी परतफेड ठरली तर आकडा, तारखा आणि त्यानंतर काहीही बाकी राहणार नाही हे वाक्य बँकेच्या अधिकाऱ्याच्या सहीनं घ्या. वसुली एजंटच्या तोंडी शब्दावर पैसे भरू नका. लोकअदालतीच्या निवाड्याला हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नाही. त्यामुळे सही करण्याआधी शेवटचं कलम वाचा. 'एक हप्ता चुकल्यास संपूर्ण मूळ मागणी देय' असं तिथे लिहिलेलं असतं. झेपेल तेवढाच हप्ता कबूल करा. तडजोड नाही झाली तरी, हुकूमनामा करताना पुरेसं कारण दिसलं तर कोर्ट रक्कम हप्त्यांनी भरायला परवानगी देऊ शकतं. तशी मागणी कैफियतीतच करून ठेवलेली बरी.

एकतर्फी हुकूमनामा होऊनच गेला असेल, तर ३० दिवसांत तो रद्द करण्याचा अर्ज करता येतो. समन्स नीट बजावलंच नव्हतं असं असेल तर हे ३० दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. पुढची पायरी दरखास्तीची, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या अर्जाची. बँक १२ वर्षांपर्यंत दरखास्त लावू शकते, आणि इथे लोकांची झोप उडते ती ऐकीव भीतीनं. पगार सगळा जप्त होत नाही: पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडावे लागतात. भविष्य निर्वाह निधी, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण यांना हात लावता येत नाही. धर्मरूढीनं बाईला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिनेही सुटतात, म्हणजे मंगळसूत्र. आमच्या साताऱ्याच्या माणसाचे पाने-जॅक त्याच्याकडेच राहतील. आणि तुरुंग? पैसे नाहीत म्हणून दिवाणी कैदेत टाकता येत नाही. ऐपत असूनही मुद्दाम देत नाही हे बँकेला दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात हे ठणकावून सांगितलं. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला तर अटकच करता येत नाही.

प्रकरण मिटलं आणि पैसे भरले, तरी फाईल लगेच बांधून टाकू नका. 'नो ड्यूज'चा दाखला घ्या, कोर्टात समाधानाची, म्हणजे देणं फिटल्याची, नोंद झाली का ते बघा, दिलेले कोरे चेक परत मागा. क्रेडिट अहवालात 'सेटल्ड' आणि 'क्लोज्ड' हे दोन वेगळे शेरे असतात. सूट घेऊन मिटवलं तर पहिला लागतो आणि पुढच्या कर्जाच्या वेळी तो दिसतो. घराची किंवा गाडीची मूळ कागदपत्रं बँकेकडे अडकलेली असतील तर परतफेडीनंतर किंवा तडजोडीनंतर ३० दिवसांच्या आत ती परत करणं बँकेला बंधनकारक आहे. १ डिसेंबर २०२३ पासून, तिच्या चुकीमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये तिनं तुम्हाला द्यायचे.